सुई, आसन आणि ताट: वजन उतरवण्यासाठी ॲक्युपंक्चर आणि योग यांची सांगड

ठाण्यातल्या नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाला माझा योगवर्ग भरतो, त्याला आता चौदा वर्षं झाली. नवीन येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, वजन कमी करायचंय, पण गुडघे दुखतात." हे दोन त्रास हातात हात घालून येतात. गुडघा दुखतो म्हणून चालणं बंद, चालणं बंद म्हणून वजन वाढतं, वजन वाढलं की गुडघा आणखी कुरकुरतो. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पण तो पहिला किलो उतरवायला आधी हलता तर आलं पाहिजे.

मी स्वतः पन्नाशीत, पाळी थांबल्यानंतर, ७९ किलोंवर गेले होते. उंची १६० सेंटिमीटर. तेव्हा एका ॲक्युपंक्चर केंद्रात, म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचून उपचार करतात तिथे, "दहा सिटिंग, दहा किलो" असं पॅकेज घेतलं. बीपी किती, साखर किती, कुठली गोळी चालू आहे, एकही प्रश्न कुणी विचारला नाही. सुया टोचल्या आणि हातात दिवसभर सूप पिण्याचा कागद दिला. तीन आठवड्यांत साडेतीन किलो उतरले, वर्गात उभ्या उभ्या चक्कर आली, आणि पुढच्या दोन महिन्यांत ते सगळं परत आलं. नंतर गुडघ्यासाठी म्हणून ॲक्युपंक्चर नीट शिकलेल्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वजनाचं वचनच दिलं नाही. "दुखणं आणि झोप बघू, ताटाचं तुम्ही बघा," म्हणाल्या. अकरा महिन्यांत ८ किलो कमी झाले आणि ते परत आलेले नाहीत.

त्या अकरा महिन्यांत जे कळलं तेच पुढे सविस्तर सांगते. सुई चरबी वितळवत नाही. अर्ध्या तासाचे सूर्यनमस्कारही ८० किलोच्या माणसाचे जेमतेम सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च करतात, आणि एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. वजन उतरतं ते ताटामुळे आणि चालण्यामुळे. सुई आणि योग हे दोन्ही, ते ताट आणि चालणं महिनोन्‌महिने जमावं म्हणून लागतात. दुखणं, तुटक झोप आणि संध्याकाळची खा-खा शमली तरच माणूस टिकतो.

पहिली पायरी: टेप, काटा आणि रक्त

वजन किलोमध्ये घ्या, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीने दोनदा भागा. माझं ७९ भागिले १.६, पुन्हा भागिले १.६, म्हणजे जवळपास ३१. हा बीएमआय. आपल्या भारतीय शरीरांत पोटाभोवती चरबी लवकर साठते, म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर मोजताना परकराच्या नाडीवर टेप लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर लक्ष द्यायची वेळ झाली.

मग फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइडची टीएसएच, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातली चरबी, आणि बीपी बघून घ्या. थायरॉइड कमी काम करत असेल तर आधी तिची गोळी हवी. काही औषधांनीही वजन वाढतं, स्टेरॉइड आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या त्यातल्याच, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नसतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर जोरात उतरवणारी गोळी चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डोस बदलायचा का हे डॉक्टरांना विचाराच. जेवण घटलं आणि डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. हे वर्गात माझ्यासमोर घडलेलं आहे.

दुसरी पायरी: सुई कुणाकडून घ्यायची

आपल्याकडे ॲक्युपंक्चर म्हटलं की लोकांना चीन आठवतो, पण या विद्येचा भारतातला धागा एका मराठी माणसाच्या पथकापर्यंत जातो. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात घेऊन आले. कोटणीस मात्र १९४२ मध्ये तिथेच वारले.

आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे आणि नोंदणी करणारी परिषदही आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. तेव्हा पहिल्या भेटीत नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. ठाण्यात गोखले रोड आणि राम मारुती रोडवर, नवी मुंबईत वाशी-नेरुळला पाट्या भरपूर दिसतात. पाटीपेक्षा आतलं बघा. सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातं का? वापरलेली सुई लगेच पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा जाड डब्यात पडते का? सुई एकदाच वापरायची असते, "तुमचीच सुई तुमच्यासाठी ठेवतो" हेही चालत नाही. रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, गर्भारपण, मधुमेहाने बधिर झालेले पाय, हे तुम्ही सांगण्याआधी विचारलं जातं का? आणि किती किलो उतरतील याची हमी देत असतील, तर तिथून उठा.

पेसमेकर असलेल्यांनी सुयांना जोडलेला करंट अजिबात घेऊ नये. दिवस गेले असतील, किंवा तशी शक्यता असेल, तर आतल्या घोट्याच्या चार बोटं वरचा आणि हाताच्या अंगठ्या-तर्जनीच्या बेचक्यातला पॉइंट, म्हणजे सुई टोचायची ठरावीक जागा, टाळतात. बाळ होईपर्यंत वजन उतरवण्याचा विषयच काढू नये.

पुराव्याबद्दलही स्पष्ट बोलते, कारण यात लोकांचे पैसे जातात. वजनासाठी ॲक्युपंक्चरच्या ज्या चाचण्या झाल्या त्या बहुतेक लहान आहेत. खोट्या सुईशी, म्हणजे टोचल्याचं नुसतं भासवणाऱ्या सुईशी, तुलना केली की फरक थोडाच दिसतो, आणि खाणं-चालणं सुधारलं असेल तिथे तो जास्त दिसतो. म्हणून पैसे मोजून पुरतील अशा आठ-बारा आठवड्यांपुरताच विचार करा. दोनच गोष्टी परवडत असतील तर ज्वारी-डाळी आणि चालायचे चांगले बूट घ्या.

तिसरी पायरी: पहिले दोन आठवडे फक्त लिहायचं

या पंधरा दिवसांत ताटात काहीही बदलू नका. एक वही घ्या आणि काय खाल्लं, किती वाजता, आणि खाण्याआधी पोटात भूक होती की डोक्यात, एवढं लिहा. माझ्या वहीत दुपारचं जेवण शहाण्या माणसाचं होतं आणि साडेसहा ते आठ या दीड तासात चिवडा, दोन बिस्किटं, सासूबाईंसाठी केलेल्या शिऱ्याचं खरवडलेलं पातेलं. वर्गातल्या एक ताई नवी मुंबईत महापेला नोकरीला आहेत. त्यांच्या वहीत रोज एकच ओळ निघाली: ठाणे स्टेशन, सात वाजता, समोसा. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमधून उतरलं की पाय आपोआप तिकडे वळतात, त्या म्हणाल्या. आपला समोसा कुठे आहे हे कळल्याशिवाय पुढचं काही कामाचं नाही.

याच पंधरवड्यात वर्ग सुरू करा. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर या जुन्याजाणत्या संस्था आहेत. व्हिडिओ बघून एकट्याने सुरुवात करू नका. जाड शरीराला कुठे आधार लागतो ते समोरचा माणूसच बघू शकतो.

चौथी पायरी: जड शरीरासाठी आसनं

जास्त वजनाच्या माणसाला पहिल्याच दिवशी बारा सूर्यनमस्कार घालायला लावणं ही माझ्या मते क्रूर गोष्ट आहे. मनगटं आणि गुडघे दुखतात, माणूस चौथ्या दिवशी येत नाही आणि दोष स्वतःला देतो. मी सुरुवात खुर्चीने करते. न सरकणारी, हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची.

आधी पाच मिनिटं सांधे मोकळे करायचे: घोटे, गुडघे, खांदे, मान. मग ताडासन आणि कटिचक्रासन. त्यानंतर ज्याला मी सगळ्यात जास्त मान देते ते, खुर्चीवरून उठणं आणि बसणं. पाय खांद्याएवढे लांब, हात पुढे, श्वास सोडत उठा, श्वास घेत चार आकडे मोजत खाली या आणि खुर्चीला नुसता स्पर्श करून पुन्हा उठा. हेच पुढे उत्कटासन होतं. आठ वेळा, दम खाऊन पुन्हा आठ. मांडीचे स्नायू भक्कम झाले की गुडघा त्यांच्यावर भार टाकतो. मग खुर्चीची पाठ धरून वीरभद्रासन आणि त्रिकोणासन, दोन्ही बाजूंना पाच-पाच श्वास. सूर्यनमस्कार खुर्चीवर हात टेकवून उभ्यानेच: सुरुवातीला चार, महिन्याअखेर बारा. जमिनीवर मार्जारासन, सेतुबंधासन, सोसेल तेवढं भुजंगासन, एकेका पायाचं पवनमुक्तासन आणि वक्रासन. गुडघ्याखाली दुमडलेली चादर असू द्या. शेवटी दहा मिनिटं शवासन, पोट मोठं असेल तर पाय खुर्चीवर ठेवून. एकूण पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस.

कपालभातीने पोटाची चरबी जळते हे लोकांच्या मनात इतकं घट्ट बसलंय की रोज कुणीतरी विचारतं. चरबी एका जागेची निवडून जळत नाही. बीपी वाढलेलं असेल, हर्निया असेल, पाळी चालू असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल, दिवस गेले असतील, तर कपालभाती नकोच. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं टाळा. हाडं ठिसूळ झाली असतील तर खोल पुढे वाकू नका. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी (ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं) मात्र बहुतेक सगळ्यांना मानवतात.

भ्रामरी मी एका खास वेळेसाठी राखून ठेवली आहे. वहीत जी घातवेळ सापडली असेल, तिच्या दहा मिनिटं आधी. डोळे मिटून सात भ्रामरी. भूक खरी असेल तर ती त्यानंतरही उरते, आणि मग खुशाल खावं. महापेच्या ताई गाडीत सीट मिळाली की ऐरोली सुटल्यावर ओठ मिटून लांब श्वास सोडत बसतात. त्यांच्या पर्समध्ये भाजलेल्या चण्यांची डबी असते, स्टेशन यायच्या आत त्यातली एक मूठ खातात. समोसा रोजचा होता, आता शुक्रवारचा झालाय. मला एवढं पुष्कळ वाटतं.

पाचवी पायरी: सुया, तिसऱ्या आठवड्यापासून

साधारण सहा आठवडे आठवड्यातून दोनदा, मग सहा आठवडे एकदा, आणि थांबायचं. सुईला उपाशीपोटी जाऊ नका. उपाशी, घाबरलेल्या माणसाला तिथे चक्कर लवकर येते. तासभर आधी केळं किंवा ताक-पोहे असं हलकं काही खा. कपडे सैल, सलवार किंवा पायजमा गुडघ्यापर्यंत सहज वर जाईल असा.

टेबलावर उताणं झोपवतात. स्पिरिटचा गार बोळा फिरतो. सुई डब्यातल्या शिवणाच्या सुईपेक्षा खूपच बारीक असते, टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं. मग डॉक्टर ती बोटांत हलकेच फिरवतात आणि विचारतात, "जड वाटलं?" नडगीजवळच्या सुईला माझ्या पायात पहिल्यांदा पाणी भरल्यासारखा जडपणा घोट्यापर्यंत उतरला तेव्हा मी दचकले होते. हे जाणवणं अपेक्षितच असतं. वीज चमकल्यासारखी कळ आली किंवा सहन होणार नाही इतकं दुखलं, तर लगेच सांगा, सुई काढतात. वीस ते तीस मिनिटं पडून राहायचं.

वजनासाठी सहसा नाभीच्या दोन्ही बाजूंना तीन बोटांवरचे पॉइंट, नाभी आणि छातीचं हाड संपतं त्याच्या मधोमधला पॉइंट, गुडघ्याखालचा आणि घोट्यावरचा पॉइंट घेतात. कानाच्या वाटीत व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी येते. हाच मज्जातंतू पोटापर्यंत जातो, म्हणून भुकेसाठी कानावर काम करतात. बऱ्याच ठिकाणी कानाला चिकटपट्टीने मोहरीएवढी काळी बी लावून देतात. जेवणाआधी आणि खा-खा सुटली की ती अर्धा-एक मिनिट दाबायची. तीन ते पाच दिवसांत काढून कान बदलायचा. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातून जुलै-ऑगस्टमध्ये, पट्टीखाली कातडी लवकर लाल होते. खाज किंवा पाणी सुटलं की पाचव्या दिवसाची वाट न बघता काढून टाका.

आता सांगड. योग सकाळी, सुई संध्याकाळी, हे सगळ्यात सोयीचं. सुई घेतल्यावर दोन-तीन तास जोराचा व्यायाम नको, त्या दिवशी रात्री फक्त शवासन. ज्या ठिकाणी सुई होती तिथे निळं पडलं असेल तर दुसऱ्या सकाळी त्यावर भार येणारं आसन सोडा. माझा आठवडा असा होता: सोमवार ते शुक्रवार सकाळी वर्ग, मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी सुया, शनिवार-रविवार नुसतं मोठं चालणं. पहिल्या महिन्यात सुयांचा भर गुडघा आणि झोपेवर ठेवायला सांगा. रात्री नीट झोप झाली की दुसऱ्या दिवशीची गोडाची ओढ कमी होते, हे मी स्वतः वहीत तारखेनिशी पाहिलं आहे.

सुई झाल्यावर छातीत किंवा पाठीत कळ येऊन दम लागायला लागला, तर वाट न बघता दवाखान्यात जा. छाती-पाठीवर सुई खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. हे फार क्वचित घडतं, पण घडतं. सुईची जागा गरम, लाल, सुजलेली झाली तरी दाखवा.

घरी सुई कधीच टोचायची नाही. बोटाने दाबायला हरकत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला खळगा लागतो, तिथून चार बोटं खाली आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर. चिनी भाषेत याला त्सू-सान-ली म्हणतात, 'पायाचे तीन ली', आणि ली म्हणजे त्यांचं अंतराचं माप. पाय थकले की इथे दाबून आणखी तीन ली चालायचं, असं सांगतात. रोज दोन्ही पायांना दोन-दोन मिनिटं, चालायला निघण्याआधी.

सहावी पायरी: चालणं आणि ताट

आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. मासुंदा तलावाला फेऱ्या, उपवन, कचराळी, वाशीचा मिनी सीशोअर, खारघरचं सेंट्रल पार्क, जे जवळ असेल ते. पावसात रस्त्यांवर पाणी आणि शेवाळ असतं, तेव्हा इमारतीचा पोडियम किंवा घरातल्या घरात दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या. दुखऱ्या गुडघ्यांनी जिने उतरू नयेत. चढा आणि लिफ्टने खाली या.

ताटाबद्दल मी कुणाला तक्ता देत नाही. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ-मासे-अंडी, पाव ताट भाकरी किंवा भात. दोन्ही हवे असतील तर निम्मे-निम्मे. तेल महिन्याला माणशी अर्धा लिटर, महिन्याच्या पहिल्या तारखेला वेगळ्या बाटलीत ओतून ठेवायचं म्हणजे डोळ्यांना दिसतं. रात्रीचं जेवण आठच्या आत, नाही जमलं तर निदान हलकं. चहातली साखर आठवड्याला पाव चमचा कमी करत जा, जिभेला पत्ता लागत नाही. सोमवार-गुरुवारचे उपास असतील तर साबुदाणा खिचडीऐवजी भगर, ताक आणि फळ. गणपतीत उकडीचे दोन मोदक खावेत, मनापासून, तूप घालून. दहा दिवस रोज खाऊ नयेत.

सातवी पायरी: मोजणं

दर रविवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर. कंबर महिन्यातून एकदा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा चांगला वेग आहे. पहिल्या आठवड्यात दीड किलो गेलं तर त्यात पाणी बरंच असतं. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं की साखर, बीपी आणि गुडघे यांत फरक पडायला लागतो. म्हणजे ८० किलोच्या माणसाला ४ किलोंपासून. चौथ्या-पाचव्या महिन्यात काटा अडतो. शरीर हलकं झालं की त्याला अन्न कमी लागतं, म्हणून तेच ताट आता जास्त होतं. तेव्हा सुयांचं नवीन पॅकेज घेऊ नका. वही पुन्हा पंधरा दिवस लिहा आणि खुर्चीवरून उठण्याची आवर्तनं वाढवा.

बारा आठवडे सुया घेऊनही झोप, दुखणं, भूक यांतलं काहीच बदललं नसेल तर सुया थांबवा, बाकी सगळं चालू ठेवा. बीएमआय ३५ च्या पुढे असेल, किंवा वजनाबरोबर मधुमेह, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल, तर लठ्ठपणाच्या तज्ज्ञ डॉक्टरांना भेटायला सहा महिने घालवू नका.

तीन महिन्यांनी रक्ताच्या तपासण्या पुन्हा करा आणि कागद घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. आमच्या वर्गातल्या एका काकांची बीपीची गोळी तशीच निम्मी झाली, डॉक्टरांनी रीडिंग बघून केली. काका पहिल्या दिवशी जमिनीवरून उठताना दोन माणसांचा हात मागत होते. आता एक हात खुर्चीवर ठेवतात, दुसरा मांडीवर, आणि उठतात.